ती बाई आत गेली

गवताचं छप्पर पेटलंय आणि एक बाई त्याच पेटत्या घरात पळत जाते. दाराशी अमेरिकेचे शिपाई नुसते उभे आहेत. लगेच पडद्यावर दुसरंच मैदान येतं. बँड वाजतोय, रांगा ताठ उभ्या आहेत आणि एक साहेब दुसऱ्याच्या छातीवर पदक लावतोय.

माझी नात कॉलेजच्या कामासाठी अमेरिकन सैन्याच्या जुन्या फिल्मा मोबाईलवर बघत होती. मी शेजारी लसूण सोलत होते.

"बाई बाहेर आली का गं?" मी विचारलं.

"आजी, तिचं एवढंच आहे. पुढं सगळी परेड."

"मग मागं घे."

तिनं मागं घेतलं. बाई पुन्हा आत गेली, बँड पुन्हा वाजला.

"तुला मालिका लावून देऊ का?"

"तुझ्या मालिकेत मेलेल्या बाया परत येतात. ही एक येते का, ते बघू दे."

ती हसली. मला हसू आलं नाही. साहेबाच्या हातमोज्याची शिवणसुद्धा दिसते, इतक्या सावकाश ते पदक दाखवलंय. फिल्म काढणारा त्या दाराशी थोडा थांबला असता तर त्याचं काय जात होतं? पेटत्या घरात कुणी भांड्यांसाठी जात नाही, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं.

ऊसतोडीला गेलो होतो तेव्हा आमची राहायची पाचटाची कोपी अशीच पेटली. आत माझी दोन पोरं झोपली होती. मी आत गेले. बाहेर मी आले आणि थोरली आली.