लेम्पी आत्याचं कुठेच न जाणारं वायफाय

आमची लेम्पी आत्या तीस वर्षं शाळेची बस चालवायची. बर्फात बस कधी घसरली नाही आणि आत्याची जीभ कधी थांबली नाही. आता रिटायर झालीय, थिंबलबेरीचा जॅम करते आणि गुरुवारी पत्त्यांचं युकर खेळते. म्हणजे खेळायची. युकरला चौघं लागतात, दोन-दोन भिडू. तिची मैत्रीण एल्मा अजून यायची, पण शेजारचे रेनो आणि तौनो फुटले होते. आमच्या रस्त्यावर इंटरनेटची लाइन आलेलीच नाही, म्हणून दोघं गुरुवारी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये आपापल्या पिकअपमध्ये बसून तिथल्या वायफायवर हॉकी बघायचे. शेजारी शेजारी गाड्या, काचा बंद.

"दोघींत काय खेळायचं, भातुकली?" आत्या म्हणायची. हसत म्हणायची, पण टेबलाभोवती खुर्च्या चारच मांडायची. मला तर रडूच यायचं.

मी सुट्टीत घरी आले तेव्हा तिला जॅमची लेबलं छापायची होती. लॅपटॉप माडीवर, प्रिंटर स्वयंपाकघरात. मी हॉस्टेलवरचा जुना राउटर लावला.

"ही वायर कुठे जाते?"

"फक्त प्लगमध्ये."

"आणि पुढे?"

"पुढे कुठेच नाही. माडीवरून स्वयंपाकघरात निरोप द्यायला गावाबाहेर कशाला जायचं, आत्या?"

तिला ते फारच पटलं. पासवर्ड तिने स्वतः टाकला, मला बघूसुद्धा दिलं नाही.

दोन दिवसांनी रेनो दारातला बर्फ काढायला आला आणि फोन हातात धरून आतच घुसला. "लेम्पे, तुझ्याकडे वायफाय? फुल रेंज दाखवतंय."

"आहे की."

"आणि बोलली नाहीस? पासवर्ड सांग."

"गुरुवारी खेळायला ये. जिंकलास तर सांगीन."

तो गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, अगं त्यात इंटरनेट नाहीये."

"मी कुठे म्हटलं आहे म्हणून?"

गुरुवारी दोघं हजर. वेलचीचा निसू ब्रेड, कॉफी, आणि आत्या-एल्माने त्यांना धुऊन काढलं. पुढच्या गुरुवारीही तेच. तौनो रेनोवर खेकसायचा, "हुकूम आहे तर मार ना, लोणचं घालतोस का त्याचं?" आत्या इतकी खुशीत होती की मला धडकीच भरली. एक ना एक दिवस हे जिंकणार होते. मग कळणार, आणि मग परत कोण येणार?

आणि जिंकलेच. माझी सुट्टी संपायच्या आधीचा गुरुवार होता.

"बोल पासवर्ड," रेनो चष्मा लावून बसला.

"लिही. रेनोला. हुकूम. कळत. नाही. सगळं जोडून."

एल्माची कॉफी नाकातून आली. रेनोने एकेक अक्षर दाबलं. फोन जोडला गेला. त्याने हॉकी लावली.

"लागत नाही."

"लागलंय की, वर बघ."

"इंटरनेट नाही म्हणतंय."

"नाहीच आहे. ते प्रिंटरचं आहे."

तौनो टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. रेनो मात्र उठला, कोट घातला आणि बाहेर गेला. पिकअपचं दार धाडकन लागलं. आत्याने पत्ते गोळा केले आणि, खरं सांगते, तीच गड्डी तीनदा सरळ केली. मी खिडकीशी धावले. गाडी काही तो सुरू करेना. आत फोनचा उजेड तेवढा दिसत होता.

इतक्यात प्रिंटर घरघरला.

कागद मीच उचलला आणि वाचला: "लबाड बाई. पुढच्या गुरुवारी पत्ते मी पिसणार."

आत्याने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला. "शाई किती घालवली बघ मेल्याने. एवढी मोठी अक्षरं."

प्रिंटर पुन्हा घरघरला. "टोपी आत राहिली. दार उघड."

मी निघाले, तर आत्याने माझा हात धरला.

"थांब जरा. गारठू दे." आणि तिने चौघांचे पत्ते वाटायला घेतले.