राहुकाळात तुटलेली फाईल

राहुकाळ सुरू झाला की टेलेक्स राव दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. चालू असलेलं काम चालायचं, पण नव्या कामाचा आरंभ चुकूनही हातून होऊ नये, म्हणून ही खबरदारी. कुंभकोणमच्या त्या औषधांच्या घाऊक कचेरीत राहुकाळ सगळेच पाळायचे. हात कैदेत टाकणारे राव एकटेच.

नव्वदीच्या सुरुवातीला मी पुण्याहून तिथे गेलो. टेलेक्स जाऊन कॉम्प्युटर आला होता, टेलेक्स उरला होता तो रावांच्या नावापुरता, आणि शाखांना टेलिफोनच्या तारेवरून निरोप व फायली धाडणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मला बसवायची होती. यंत्र रावांच्या ताब्यात. त्यांचे पूर्वज मराठेशाहीत इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मला पाहताच म्हणाले, "जेवण जालें कां, तंबी?" धाकट्या भावाला तिकडे तंबी म्हणतात. तीनशे वर्षांपूर्वीचं कुणीतरी आपल्याला जेवायला विचारतंय असं वाटलं, आणि परक्या गावात बरं वाटलं.

"नवें काय आणलेंस तें सांग," त्यांनी फर्मावलं. मी सांगितलं, तातडीचा निरोप आता रांग सोडून आधी जाईल. हे त्यांना पटलं. देवळात म्हातारीला पुढे सोडतात तसंच की! फाईल पोचल्याची पोच आपोआप येईल, हे मात्र मुळीच पटलं नाही. "यंत्राची पोच यंत्राला. मज माणूस बोलायला होणा." म्हणजे पोच आली तरी ते शाखेला फोन करणारच. तिसरी सोय अशी की तार मध्येच तुटली तर फाईल पहिल्यापासून पाठवायला नको, तुटली तिथून पुढे जाते. यावर राव नुसतं "सरि", म्हणजे बरं, म्हणाले आणि कॉफीचा पेला तोंडाला लावला.

मग तो शुक्रवार आला. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाच्या काही बाटल्या बिघडल्याचं कारखान्याने सकाळीच कळवलं. कोणत्या बाटल्या कोणत्या दुकानात गेल्या, त्याची फाईल प्रत्येक शाखेला तातडीने हवी होती. एकेक शाखा पार पडली. शेवटची नागपट्टिनमची फाईल निम्मी गेली आणि तार तुटली. घड्याळात राहुकाळ लागलेला. फोन लावला तर नुसती खरखर, माणसाचा शब्द कळेना. इथे आम्ही बसलेलो, आणि तिकडे एखादी आई पोराला तेच औषध चमच्याने पाजत असेल, या विचाराने मी फोन फिरवतच राहिलो.

रावांचे हात मांडीखालीच होते. चेहरा मात्र पांढरा पडलेला. तार पुन्हा जुळल्याचा दिवा लागला तसं त्यांनी विचारलं, "तंबी, आतां पाठविली तर हा आरंभ कां?"

"नाही राव, उरलेलं काम आहे. तुटलं तिथून पुढे."

हात बाहेर आले. कळ त्यांनीच दाबली. फाईल सरकत सरकत पुरी झाली, पोचही आली. राव काही उठेनात. दुपार कलल्यावर नागपट्टिनमच्या व्यवस्थापकाचा आवाज फोनवर एकदाचा स्वच्छ ऐकू आला, तेव्हा त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "आस्की आल्या रे! आस्की बाटल्या परत आल्या. कोणा लेंकरास कांहीं जालें नाहीं." आस्की म्हणजे सगळ्या, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. जीव भांड्यात पडला. त्या दिवशी राव माझ्या वाटणीचासुद्धा दहीभात जेवले, आणि मला ते बघूनच पोट भरल्यासारखं झालं.

मी परत निघालो तेव्हा पट्टीश्वरम्‌ची घरी जायची बस सोडून ते मला पोचवायला स्टेशनवर आले. गाडी हलायच्या बेतात असताना खिडकीशी वाकून म्हणाले, "तंबी, तूं आरंभ म्हणाला असतास तरी मीं कळ दाबलीच असती."

"मग मला विचारलंत कशाला?"

"एकट्यास भय वाटलें रे," राव म्हणाले.