बाबांना न पटलेली कुऱ्हाड

डहाणू-तलासरीच्या पोरांनो, तुमच्यातले बरेच जण मोबाईलवर गेम खेळतात, म्हणून तुम्हालाच सांगतो.

मी इथे हैदराबादला प्रदर्शनाचे स्टॉल सजवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. आज एका गेमच्या स्टॉलसाठी थर्माकोलची कुऱ्हाड पूर्ण केली. गेममधल्या राक्षसाची आहे ती. माझ्याएवढी उंच, दोन पाती, दोन्हींना दात, दांड्यालाही काटे. रंग दिल्यावर अगदी लोखंडाची वाटायला लागली.

पोरगा तिकडे नुसता टाइमपास करतो, असं गावी गंजाडला बाबांना वाटतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम व्हिडिओ कॉल लावला. बाबा नुकतेच गवत कापून आलेले, कोयता अजून कमरेच्या आकडीला लटकलेला.

मी कुऱ्हाड सगळ्या बाजूंनी दाखवली. बाबा म्हणाले, "हिला धरायची कुठे? सगळीकडे काटेच. आणि मारायला मागे नेलीस तर आधी तुझीच पाठ फुटेल."

मी म्हटलं, "बाबा, हिने काही तोडायचं नसतं. बघून भीती वाटली पाहिजे, बस."

"मला तर नाय वाटली," बाबा म्हणाले. "मग तू तिथे दिवसभर करतोस काय?"

मी म्हटलं, शेठ बोलावतोय, आणि फोन ठेवला. कोणी बोलावलं नव्हतं.

बाबांच्या लाकडं तोडायच्या कुऱ्हाडीसारखी साधी कुऱ्हाड स्टॉलवर ठेवली तर कोण फोटो काढेल? गेममध्ये मीसुद्धा काटेवालीच घेतो. पण थर्माकोल घासूनही खांदा गवत कापल्यासारखाच भरून येतो, हे फोनवर कसं दाखवू?

तुमच्या घरी तुमचं काम काम वाटतं का रे?