जावईबापूंचा डोंगर

सायकलीला पाय न लावता सायकलीची शर्यत जिंकणारा माणूस मी माझ्याच घरात पाहिलाय, आणि तो माझा जावई आहे. जावयाविषयी असं बोलू नये, मला कळतं ते. पण कळतं म्हणून गप्प बसायचं वय गेलं माझं.

बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या, आणि हैदराबादेत पुण्या-मुंबईहून कंप्युटरवाल्या पोरांची रांग लागली. त्यातलाच हा एक. लग्नानंतर दोघं आमच्याच काचीगुड्याच्या घरात, वरच्या दोन खोल्यांत राहिली. त्या खोल्या म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. तिथं कंप्युटर तापून बंद पडायचा, म्हणून तो खाली आणला, आमच्या हॉलमध्ये, कूलरच्या तोंडासमोर. आमची खुर्ची तिथून उठली आणि कंप्युटर बसला. हे माझे यजमान, रेल्वेतून रिटायर झालेले, चाळीस वर्षं हैदराबादी हवा खाल्लेले. म्हणाले, “जाने दो जी, मशीनला गर्मी होते, आपल्याला काय होतंय!”

कोठीच्या बाजारातल्या फुटपाथवरून जावयानं खेळाची एक सीडी आणली. मला वाटलं, सायकलीचा खेळ म्हणजे ह्यात सायकल चालवायची असेल. छे! ह्यात चालवायची नसते. ह्यात मॅनेजर व्हायचं. टीम आपली, पोरं आपली, घाम त्यांचा. आपण कूलरसमोर बसायचं आणि माउसनं हुकूम सोडायचे. मी समोर भाजी निवडत बसायची, म्हणून सगळं कानावर पडलं. कानावर पडलेलं मी सोडत नाही, लिहा-वाचायलाही मी अशीच शिकले.

तर त्यात प्रत्येक सायकलवाल्याला गुण असतात. सपाट रस्त्याचे वेगळे, टेकडीचे वेगळे, मोठ्या डोंगराचे वेगळे. शेवटच्या पळापळीचे वेगळे. दम किती, थकल्यावर रात्रीतून किती सावरतो, उतारावर किती धीट, सगळ्याला आकडा. जिवंत माणसाची अशी बाजारातल्या बैलासारखी पारख करायची, आणि वर म्हणायचं, “आई, हे सायंटिफिक आहे.”

एवढ्यावर थांबला असता तर मी बोललेही नसते. पण एकदा जेवताना त्यानं आम्हालाच गुण दिले. “बाबांचं सावरणं नव्वद. दुपारी झोपले की पुन्हा फ्रेश! आई, तुमचा दम पंच्याऐंशी, पण पळापळ चाळीस.”

“आणि जीभ?” मी विचारलं.

“तो रकाना नाहीये, आई.”

“असता तर तुमचा खेळ बंद पडला असता.”

मग मुलीकडे हात करून म्हणाला, “आणि ही माझी नंबर एकची मदतनीस. चढावर मला ओढणारी.”

मुलगी हसली. मला काही हसू आलं नाही. कारण मदतनीस म्हणजे काय ते मी त्या पडद्यावर रोज बघत होते. डोंगर लागला की मदतनिसानं पुढं व्हायचं, छाती फुटेस्तोवर वेग धरायचा. त्याच्या मागं लीडर, आडोशाला. मागून येणाऱ्या टीमच्या गाडीपाशी जाऊन सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या आणायच्या त्याही मदतनिसानं. त्याच्या ताकदीची पट्टी लाल झाली की त्याला सोडून द्यायचं, तो मागं कुठं राहिला ते कुणी वळून बघत नाही. आणि शेवटच्या चढावर लीडर निघतो, हात वर करतो, फोटो त्याचा. बरं, लीडर तरी धड असावा! जावयाच्या लीडरला डोंगराचे गुण कमी आणि मदतनिसाला जास्त, हे मलासुद्धा दिसत होतं. मी म्हटलंही, “हा बारका पुढं जातोय तर जाऊ द्या ना त्याला.”

“नाही आई, टीमचा प्लॅन असतो. लीडर ठरलेला असतो.”

“ठरवला कुणी?”

“मीच.”

बघा म्हणजे!

आता मूळ गोष्ट सांगते. मुलगी बँकेत क्लार्क होती. त्याच उन्हाळ्यात ती ऑफिसरची परीक्षा पास झाली. आमच्या सात पिढ्यांत बाई ऑफिसर झालेली नाही, मी तर शाळेची पायरीही धड चढले नाही. पण बँकेत वर चढायचं म्हणजे बदली आलीच. तिला विजयवाडा मिळालं. हो की नाही, ते येत्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं, आणि एकदा नाही म्हटलं की पुढं कित्येक वर्षं तुमचं नाव कुणी काढत नाही.

जावयाचं म्हणणं, नाही कळव. का? तर कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार होती. ही पाठवणी मी लग्नापासून ऐकत होते. दर महिन्याला ती पुढच्या महिन्यात असायची. “मी तिकडं गेल्यावर ही विजयवाड्यात एकटी काय करणार? आणि मी इथं असेपर्यंत मला कोण बघणार? सध्या हिनं थोडं थांबावं, मग हिचं बघू.” हे तो मला सांगत होता, आणि डोळे पडद्यावर. तिथंही तो एकाला थांबवतच होता.

मुलगी उलटून काहीच बोलत नव्हती. मला तिचाच राग यायचा. संध्याकाळी बँकेतून आली की स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसायची आणि खेळाचे प्रश्न विचारायची. पुढं निघायचं तर कधी निघायचं? आडोसा चढावर किती उपयोगी? तोही खुशीत येऊन शिकवायचा. “सपाटीवर दुसऱ्याच्या मागं राहिलं की वारा लागत नाही, ताकद वाचते. पण खडा चढ लागला की आडोसा फारसा कामाचा नसतो, ज्याचे त्याचे पाय. आणि हल्ला कधी करायचा, तर सगळ्यांचं लक्ष भलतीकडे असताना. आधी चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.” मी मनात म्हटलं, घ्या, माझी ऑफिसर पोरगी नवऱ्याकडून सायकलीचे धडे घेते! हिच्या डोक्यातही कूलरचं पाणी शिरलं.

त्यातच अधिक महिना आला. अधिकात जावयाला वाण द्यायचं, त्याला देव मानून ओवाळायचं, अनारसे खाऊ घालायचे. मुदतीच्या सोमवारआधीच्या रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं. बोलावलं म्हणजे काय, जिना उतरून खाली या म्हटलं. आदल्या दिवशी, शनिवारी, मी अनारशाचं पीठ मळत होते आणि हा सकाळपासून खुर्चीला चिकटलेला. त्याच्या त्या तीन आठवड्यांच्या शर्यतीतला सगळ्यात मोठा डोंगर त्या दिवशी होता. मुलगी पर्स घेऊन निघाली. “जरा बाहेर जाऊन येते रे,” म्हणाली. ह्यानं मान हलवली. तिनं चांगली साडी नेसलेली मी पाहिली, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. तळणीच्या आधी मी कुणाला काही विचारत नाही.

रविवारी पाट मांडला, रांगोळी काढली. जावईबापू पाटावर. मी ताटात निरांजन लावलं, अनारसे ठेवले आणि ते ताट त्याच्यापुढं धरलं. तर हा हात जोडून म्हणतो, “आई, आज माझा मान आहे ना? मग वाणाबरोबर अजून एक द्या. उद्या सोमवार आहे. हिला सांगा, प्रमोशन सोड. तुमचं ऐकते ती.”

कसं वाटतं बघा! वाणाच्या दिवशी जावयाला नाही म्हणायचं नसतं, हे ह्याला पक्कं ठाऊक. आमचे हे लगेच घसा खाकरायला लागले. “अगं, आजच्या दिवशी... हां म्हण की, पुढचं पुढं.” माझ्या हातात ताट, ज्योत माझ्या श्वासानं हलतेय, आणि तोंडात आलेली शिवी मी दाताखाली धरलेली. देवाला शिवी कशी देणार?

तेवढ्यात मुलगी म्हणाली, “आईला कशाला मध्ये घालतोस? मी काल जाऊन हो कळवून आले.”

“काल? काल कधी?”

“दुपारी.”

“मला विचारलं नाहीस!”

“तुझा डोंगर चालू होता.”

हे हसले. खरं सांगते, चाळीस वर्षांच्या संसारात इतक्या चुकीच्या वेळी हा माणूस कधी हसला नव्हता, आणि मला तो इतका आवडलाही कधी नव्हता.

जावई लाल झाला. म्हणाला, “म्हणजे मी ह्या घरात कुणीच नाही.” मुलगी शांतपणे म्हणाली, “आहेस ना. शनिवार-रविवार येत जा विजयवाड्याला. गाडी आहे. तुझं अमेरिकेचं नक्की झालं की तेव्हा बोलू.” समोरचा आपल्या हुकमाशिवाय हलतो, ही सोयच त्यानं मनात ठेवलेली नव्हती. उठला पाटावरून आणि जाऊन बसला कंप्युटरसमोर. पाठ आमच्याकडे.

आता मी काय करू? ताट हातात, जावई उठलेला. हे म्हणाले, “राहू दे.” पण मी सोडणार होय! मी ताट घेऊन त्याच्या खुर्चीपाशी गेले आणि म्हटलं, “जावईबापू, मान पुढं करा.” त्यानं केली, फक्त मान. डोळे पडद्यावरच. पडद्यावर त्याचा तो लीडर एकटाच एका घाटात हलत होता, मागं-पुढं कुणी नाही. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. दोन दाणे कीबोर्डात गेले. एक अनारसा त्याच्या हातात दिला, तो त्यानं न बघता खाल्ला. चांगला जाळीदार झाला होता हो, वाया गेला.

तेवढ्यात आतून हाक आली. मुलगी स्टुलावर चढून माळ्यावरची भांडी सरकवत होती.

“आई, ती मोठी बॅग कुठं ठेवलीस गं?”

“पत्र्याच्या पेटीमागं,” मी म्हटलं, “थांब, स्टूल धरते.”