मिरचीच्या दिवसांत मागितलेला पाऊस

ऑस्ट्रेलियात सामना असला की आमच्या गावातले पुरुष पहाटे पाचला उठतात. एरवी शेतात पाणी धरायला जा म्हटलं तर ज्यांची कंबर दुखते, ते आंघोळ करून, कानाला मफलर गुंडाळून आमच्या ओट्यावर हजर होतात. आमच्याच ओट्यावर, कारण माझ्या मुलानं मोठा टीव्ही घेतला आहे. सामना मोबाइलवरून टीव्हीत येतो आणि घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून टीव्ही ओट्यावर. पाच दिवस सून झाडू हातात घेऊन उभी राहायची आणि तिला झाडायला ओटा सापडायचा नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. क्रिकेट मला कोणी शिकवलं नाही, पण तीस-पस्तीस वर्षं कानावर पडतंय, त्यामुळे कळतं. कळायला त्यात फार काही नाही. एक जण फेकतो, एक जण मारतो, बाकीचे उभे असतात. बघणारे मात्र असे दमतात की दुपारी त्यांना झोप लागते. मी दिवसभर वाकून मिरची वेचली तरी एवढी दमत नाही.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. विहिरीजवळच्या तुकड्यात मी मिरची लावली होती. मुलाला तिथे पपई लावायची होती. गावात निम्म्यांनी पपई लावली, म्हणून त्यालाही हवी. मी नाही म्हटलं. तो तुकडा मिरचीचा आहे, माझ्या सासूपासून तिथे मिरची होते. आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं. शेवटी तो म्हणाला, "यंदा लाव. मिरची खराब निघनी तर पुढला वरीसपाईन पपई, मंग तू काही बोलानं नही." मी हो म्हटलं. सुनेसमोर म्हटलं, म्हणजे आता माघार नव्हती.

मिरची चांगली झाली. धडगावकडच्या डोंगरातलं एक कुटुंब तोडणीला आलं होतं, नवरा-बायको आणि त्याची आई. रस्त्यापलीकडे आमचं खळं आहे. ते सारवून त्यावर सगळी लाल मिरची पसरली. रोज उन्हं चढली की परतायची, संध्याकाळी ओढून ढीग करायचा आणि दवापासून झाकायचा. सामना सुरू झाला तेव्हा तिला दहा-बारा उन्हं लागून गेली होती. मूठभर उचलून कानाजवळ हलवली की आत बी वाजायचं. आणखी पाच-सहा उन्हं, मग पोत्यात.

आमच्याकडे खळ्यावर मिरची असली की पावसाचं नाव कोणी तोंडातून काढत नाही. ढग आले तर बाया "पाहुना ऊना", म्हणजे पाहुणा आला, असं म्हणतात, तेही हळू आवाजात. मी असलं फार मानत नाही, पण मीही नाव घेत नाही. जीभ तशीच वळते.

पहिल्या दिवशी सात वाजले आणि टीव्हीवर ऊन पडलं. आमचा ओटा पूर्वेला तोंड करून आहे, ऊन काय बाहेर थांबणार आहे. बघणाऱ्यांना चेंडू दिसेना. तेव्हा पुतण्या खळ्यावर गेला आणि माझी मोठी काळी ताडपत्री घेऊन आला. ती मी मिरचीसाठीच घेतली होती, नवी, एकही भोक नसलेली. त्यानं आणि मुलानं मिळून ती ओट्याच्या खांबांना नायलॉनच्या दोरीनं अशी आवळली की सिनेमाचा तंबू वाटावा. मी विचारलं, आणि संध्याकाळी मिरचीवर काय घालू. मुलगा म्हणाला, जुनी आहे ना. जुनी होती, पण तिला भोकं होती, आणि ती अर्ध्या खळ्याला पुरायची. दवाला चालते, मी म्हटलं. हे मी म्हटलं, दुसऱ्या कोणी नाही. तेव्हाच नवी ओढून काढायला हवी होती.

त्या तंबूत बसून ते चार दिवस आपल्या संघाला शिव्या देत होते. आपले लोक वाईट खेळत होते आणि हे ओट्यावरून त्यांना शिकवत होते. पुतण्याला ट्रॅक्टर सरळ रेषेत चालवता येत नाही, तो फलंदाजाला सांगत होता की पाय कुठे टाक. शेजारचे गुरुजी, शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, ते कप्तानाला नालायक म्हणत होते. गुरुजींच्या वर्गात पोरं वडाखाली गोट्या खेळायची आणि हे खुर्चीत डुलक्या घ्यायचे, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

चौथ्या दिवशी माझी चूक झाली. तुरीच्या शेंगा सोलायला मी ओट्याच्या कोपऱ्यात बसले. मला टीव्ही बघायचा नव्हता, घरात अंधार होता म्हणून बसले. अर्धी टोपली सोलून झाल्यावर उठायला लागले तर पुतण्या म्हणाला, "बठ व मोठी माय, ऊठू नको."

"काब्रं रे?"

"तू बठनी तधळपाईन जोडी फुटनी नही." मी बसल्यापासून आपला एकही गडी बाद झाला नव्हता म्हणे.

"मंग मी काय आठेच बठी ऱ्हावू?"

"एक घंटा. देशना करता."

"देशनं राहू दे. मन्ही मिरची तू परतशी का?"

सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "वहिनी, बसा हो. श्रद्धेचा प्रश्न आहे." ज्यांनी आयुष्यभर पोरांना अंधश्रद्धा वाईट असं शिकवलं, ते गुरुजी गेला तासभर एक पाय पाटावर आणि एक खाली ठेवून बसले होते, कारण तसं बसल्यापासून चौकार बसत होते. एका माणसाला लघवीला जायचं होतं, त्याला जाऊ देत नव्हते. चहा आला तर कप डाव्या बाजूनं फिरवायचा, असंही ठरलं होतं. सुनेनं एकदा उजवीकडून दिला तर मुलगा तिच्यावर खेकसला.

मी बसले. हे लिहायला मला आवडत नाही, पण मी बसले, आणि मला थोडं बरंही वाटलं. या घरात माझ्या बसण्या-उठण्याकडे कोणी लक्ष देत नाही. त्या दिवशी दहा माणसं माझ्याकडे बघून श्वास घेत होती. म्हातारपणी माणूस असं मूर्ख बनतं.

पाचव्या दिवशी पहाटे मुलगा मला बोलवायलाच आला. आज हरायचं नाही, एवढंच करायचं होतं. जिंकणं कधीच गेलं होतं. दिवसभर टिकून राहायचं, म्हणजे सामना कोणाचाच नाही. पाच दिवस खेळून कोणी जिंकलं नाही, याला हे लोक वाचलो म्हणतात. मी म्हटलं, उन्हं आली की मिरची उघडून येते. तोडणीवाले नवरा-बायको दुसऱ्याच्या शेतात गेले होते, म्हणून डोंगरातल्या त्या म्हाताऱ्या बाईला बरोबर घेऊन मी मिरची उघडली, पसरली आणि ओट्यावर येऊन बसले. शेंगा नव्हत्या, म्हणून लसूण घेतला.

दहाच्या सुमाराला आपले सात बाद झाले. ओट्यावर मयताला बसल्यासारखं वाटत होतं. मग गुरुजींनी मोबाइल काढला आणि त्या परमुलखातल्या शहराचं हवामान बघितलं. तिथे थोड्या वेळात पावसाची शक्यता दाखवत होते. सगळ्यांच्या अंगात जीव आला. पाऊस आला की खेळ बंद, खेळ बंद म्हणजे वाचलो. पुतण्यानं टीव्हीसमोर हात जोडले.

"मारोतराया, दोन घंटा पानी पाड. नारय फोडसू."

"दोन नाही, तीन तास मागा," गुरुजी म्हणाले. "पाणी ओसरलं की पुन्हा खेळवतात ते लोक."

मग सगळे मागायला लागले. एक म्हणाला, धो धो पडू दे. एक म्हणाला, गारा पडल्या तरी चालतील. मिरचीच्या दिवसांत, रस्त्यापलीकडे मिरची पसरलेली असताना, दहा बाप्ये मारुतीला नावानिशी पाऊस मागत होते. मी म्हटलं, अरे, कुठे बसून मागताय ते तरी बघा. कोणी ऐकलं नाही. माझं काम बोलणं नव्हतं, बसणं होतं.

ताडपत्रीमुळे ओट्यावरून खळंही दिसत नव्हतं आणि आभाळही दिसत नव्हतं. गुरुजी दर पाच मिनिटांनी मोबाइल काढून समुद्रापलीकडचे ढग बघत होते. आपले बघायला तो काळा पडदा बाजूला करायचा होता, एवढंच. पण पडदा सरकवला की टीव्हीवर उजेड पडणार होता.

मला आधी वारा लागला. थंडीतला वारा कोरडा असतो, हा ओला होता. तेवढ्यात ती डोंगरातली म्हातारी ताडपत्रीखालून वाकून आत आली. ती घरी पावरी बोलते, आमच्याशी मोजकंच बोलते. तिनं हात वर करून दाखवला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी उठले.

"माय, बठ," मुलगा म्हणाला. त्यानं मान वळवली नाही.

"आभाय ऊनं शे. ताडपत्री सोड."

"हाई ओव्हर व्हवू दे."

मी बाहेर जाऊन बघितलं. तापीच्या बाजूनं आभाळ काळंभोर झालं होतं. मी पुन्हा आत आले आणि म्हटलं, "पानी यी ऱ्हायनं. ऊठा समदा." पावसाचं नाव आता घेतलं तरी काय बिघडणार होतं. दोघे-तिघे अर्धवट उठले. गुरुजी म्हणाले, "जागा बदलू नका, दोनच चेंडू राहिलेत." ते पुन्हा बसले.

मग मी दोरी सोडायला गेले. नायलॉनची गाठ, चार दिवस ओढून आवळलेली, माझ्या बोटांना कुठे सुटणार. मी आत जाऊन विळा आणला आणि चारही दोऱ्या कापल्या. ताडपत्री पुढच्या ओळीच्या डोक्यावर पडली. मी आणि म्हातारी ती ओढू लागलो. ताडपत्रीखाली माणसं हातपाय झाडत होती, आणि टीव्हीवर बोलणारा मोठ्यानं काहीतरी ओरडला. आठवा गडी बाद झाला होता.

पुतण्या ताडपत्रीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "मी सांगेल व्हतं, ऊठू नको."

त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आम्ही दोघी ताडपत्री ओढत रस्ता ओलांडून गेलो तेव्हा थेंब सुरू झाले होते. मोठे होते, मिरचीवर पडले की टपटप आवाज येत होता. सून घरातून दाताळं घेऊन धावली आणि मिरची ढिगाला ओढू लागली. मुलगा उठला. उशिरा उठला, पण उठला, आणि अनवाणी आला. आम्ही चौघांनी मिळून निम्मी मिरची झाकली. बाकी निम्म्यावर जुनी भोकाची ताडपत्री घातली, ती वाऱ्यानं उडाली, पुन्हा घातली. मुलगा तिच्यावर आडवा झोपला. पाऊस अर्धा तास पडला. मागितला होता त्यापेक्षा कमीच.

बाकीच्या मंडळींनी त्या अर्ध्या तासात एक काम केलं. पावसाचे शिंतोडे येतात म्हणून टीव्ही आणि मोबाइल उचलून गोठ्यात नेले आणि बैलांच्या मधे बसून पुढचा खेळ बघितला.

तिकडे ऑस्ट्रेलियात थेंबही पडला नाही. ऊनच होतं. तरी उरलेले गडी कसेबसे टिकले आणि सामना कोणाचाच झाला नाही. गुरुजी चिखलातून धोतर वर धरून खळ्यावर मला सांगायला आले.

"वहिनी, वाचलो."

"कोण?" मी विचारलं.

त्यांनी मिरचीकडे बघितलं आणि घरी गेले. पुतण्यानं संध्याकाळी मारुतीला नारळ फोडला. देवानं पाऊस दिला नाही म्हणून फोडू नको म्हणावं, की दिला म्हणून फोड म्हणावं, मला कळेना. मी प्रसाद घेतला नाही.

ओली मिरची आठवड्यात पांढरी पडली. डाग आले, काही काळवंडली. चांगलीतून खराब वेचायला आम्ही तिघी बसलो. तिसऱ्या दिवशी मुलगाही येऊन बसला. हाताला तेल लावायचं त्याला सुचलं नाही आणि मी सांगितलं नाही. दुपारपर्यंत त्याची बोटं लाल झाली, डोळ्यांतून पाणी येत होतं. तो उठला मात्र नाही. निम्मी मिरची लाल, कडक, खणखणीत निघाली. निम्मी गेली.

आता पपईचा विषय निघणार हे मला माहीत होतं. मी वाट बघत होते. तो मुलानं काढला नाही. गुरुजींनी काढला, आमच्याच ओट्यावर चहा पिताना. म्हणाले, "आता तुमची पैज वहिनी हरल्या. मिरची खराब निघाली. पुढच्या वर्षी पपई."

मी म्हटलं, "गुरुजी, खराब निघाली नाही. दहा जणांनी बसून खराब केली. तुम्ही शिक्षक होता, तुम्हाला फरक कळायला पाहिजे."

गुरुजी मुलाकडे बघू लागले. मुलगा बशीतला चहा फुंकत होता. बशी खाली ठेवून म्हणाला, "मिरचीच ऱ्हावू द्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माय, रोप कधी टाकशी?"

तो तुकडा अजून मिरचीचाच आहे. त्यानं माफी मागितली नाही आणि मीही मागायला लावली नाही, मला तिचं काय करायचं आहे. मी फक्त एक बदल केला. आता रोप टाकायच्या आधी मी गुरुजींकडे जाते आणि विचारते की थंडीत आपला संघ ऑस्ट्रेलियाला जाणार आहे का. ते मोबाइलवर बघून सांगतात. जाणार असेल तर मी पंधरा दिवस लवकर लावते, म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधी मिरची पोत्यात जाते.