न हसणारं हॉटेल

केमिस्टकाकांच्या दुकानात वर्षभर लोक यायचे ते खोकल्याचं औषध मागायला. काकांनी काय वाचलं, काय पाहिलं, हे कोणी विचारायचं नाही. पण विज्ञानकथा संमेलन जवळ आलं की याच काकांचा फोन वाजायचा थांबत नसे. संमेलनासाठी हॉटेल शोधायचं काम त्यांचं, आणि त्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता.

तुम्ही म्हणाल, हॉटेल शोधण्यात कसली आली अक्कल? शोधून बघा एकदा. हजारभर माणसं, आणि ती सगळी एकाच छपराखाली हवीत. हॉलच्या मधे खांब नको, कारण खांबामागे बसलेला वाचक पुढच्या वर्षी फिरकत नाही. लिफ्टचं दार उंच हवं. डोक्यावर अँटेना लावून आलेल्या माणसाला वाका म्हटलं की त्याचा दिवस खराब होतो. शिवाय चर्चेच्या खोल्यांच्या भिंती जाड हव्यात, नाहीतर कालप्रवासावरचं भांडण शेजारच्या कथावाचनात घुसतं.

एवढं सगळं जमलं तरी काकांची खरी अट पुढेच असायची. हॉटेलवाल्यांनी हसता कामा नये. त्याची परीक्षा ठरलेली होती. काकू परग्रहाच्या राजदूत बनून रिसेप्शनवर जायच्या. अंगात हिरवा रेनकोट, डोक्यावर चाळणी, चाळणीवर तीन डोळे, त्यातला मधला लुकलुकणारा. आमच्या ग्रहावरची मंडळी येणार आहेत, खोल्या मिळतील का, असं विचारायचं. समोरच्यानं गंभीरपणे माणसं किती ते विचारलं की हॉटेल पास. ओठाचा कोपरा हलला तरी नापास. काका लॉबीत पेपर तोंडासमोर धरून बसायचे आणि कान टवकारून निकाल ऐकायचे. काकूंनी आयुष्यात एकही विज्ञानकथा वाचली नव्हती, पण पदरी पडलं पवित्र झालं म्हणून त्या निमूटपणे चाळणी चढवायच्या.

या अटीमागे एक जुनी जखम होती. पहिल्या संमेलनाला काका स्वतः चंदेरी पोशाखात गेले होते. हॉटेलच्या दारावरचा पोऱ्या फिस्सकन हसला आणि काका तिथूनच घरी परतले. त्यानंतर त्यांनी पोशाख म्हणून कधी घातला नाही. माणूस साठीला आला तरी ते हसू त्यांच्या कानातून गेलं नव्हतं.

यंदा मात्र घोडं अडलं. ठरवून ठेवलेलं हॉटेल विकलं गेलं आणि तिथे ऑफिसं होणार असं कळलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीची हॉटेलं एकतर छोटी, नाहीतर हॉलभर खांब. संमेलनाच्या अध्यक्षबाईंनी स्पष्टच सांगितलं, रविवारपर्यंत जागा मिळाली नाही तर यंदा संमेलन रद्द. म्हणजे काकांच्या वाट्याला अख्खं वर्ष नुसतं खोकल्याचं औषध.

उरलं होतं विमानतळाजवळचं एक नवं हॉटेल. हॉलमध्ये एकही खांब नाही, लिफ्टमध्ये कपाट उभं राहील एवढी उंची. काका मनातून हरखले. काकूंनी बाथरूममध्ये जाऊन चाळणी चढवली आणि त्या रिसेप्शनवर गेल्या. तिथल्या मुलीनं मान वर केली. एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, लुकलुकणारा पाहिला, आणि ती अशी हसत सुटली की तिला टेबल धरावं लागलं.

काकांनी पेपरची घडी घातली. जवळ येऊन ते काकूंना चल म्हणाले. तेवढ्यात मॅनेजर धावत आला, त्यानं दहा वेळा माफी मागितली आणि मुलीला आत जायला सांगितलं. पोरीचा चेहरा उतरला.

"थांबू द्या तिला," काकू म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, इतकी वर्षं ही चाळणी घालून फिरतेय मी. जे हसले नाहीत ना, ते माझ्याकडे बघायचेच नाहीत. खाली मान घालून बोलायचे, वेड्या बाईशी बोलावं तसं. आज पहिल्यांदा कोणीतरी नीट बघितलं माझ्याकडे. तुम्हाला कुठून कळणार? तुम्ही पेपरमागे."

मुलीनं हळूच विचारलं की मधला डोळा लुकलुकतो कसा. वायर यांनीच जोडलीय, असं काकूंनी अभिमानानं सांगितलं, आणि डोळा जवळून दाखवायला चाळणी उतरवून टेबलावर ठेवली.

काका त्या चाळणीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. चष्मा एका बाजूला सरकला होता. मुलीनं मॅनेजरच्या भीतीनं ओठ घट्ट मिटले. हसल्या त्या काकू. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात काकांनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"पहिल्या दिवसापासून दाबून ठेवलं होतं हो," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्हाला लागेल म्हणून."

चाळणी डोक्यावर तशीच ठेवून काकांनी मॅनेजरला सांगितलं, हॉल नक्की करा, आणि संमेलनभर रिसेप्शनवर हीच मुलगी हवी.