व्हय, व्हय

पेणजवळ कासू गावात आमची भाताची गिरण होती. आमचे हे सकाळपासून तिच्याजवळ उभे. वीस-बावीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर त्यांना कमी ऐकू यायला लागलं. घरात ते कुणाला कळलं नाही, की आम्ही समजून घेतलं नाही, कोण जाणे. काही विचारलं की "व्हय, व्हय" म्हणायचे. कीर्तनाला, गावाच्या बैठकीला जाणं त्यांनी सोडलं. लोक म्हणत, गिरणवाल्याला मस्ती आलीय. रागाच्या भरात मीही तसंच म्हणायचे.

आमची थोरली पेणला शाळेत शिकवत होती. तिला बघायला रोह्याहून मंडळी आली. मुलाचे वडील अगदी हळू बोलणारे. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "लग्नानंतर मुलगी नोकरी सोडणार का?"

हे हसून म्हणाले, "व्हय, व्हय. त्याची काळजीच नको."

पोह्यांच्या बशा उचलायला आलेली मुलगी तिथेच थबकली. मग बशा घेऊन आत निघून गेली. मंडळी गेल्यावर तिने वडिलांशी अबोला धरला. दोन दिवस गेले, तरी यांच्या ते ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "पोरीला न विचारता तिची नोकरी सोडवलीत तुम्ही!"

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "मला ऐकूच आलं नाय गो. वाटलं, स्वयंपाक येतो का विचारतायत."

"मग पुन्हा विचारायचं की!"

"किती वेळा विचारू? लोक हसतात."

मुलगी दारात उभी होती. ती आत आली आणि वडिलांजवळ बसली. तिला रडू आवरेना.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं गाडीने रोह्याला गेलो. मुलाकडच्यांच्या ओटीवर बसल्या बसल्या यांनी सांगून टाकलं, "मला कमी ऐकू येतं. त्या दिवशी मी भलतंच उत्तर दिलं. मुलगी नोकरी सोडणार नाय."

मुलाचे वडील यांच्या डाव्या बाजूला येऊन बसले. "आम्हीही चाटच पडलो होतो. शिकलेली मुलगी घरी कशाला बसवतात, म्हणून. आणि माझाही डावा कान गेलाय. घरात कुणाला सांगितलेलं नाही." त्यांची बायको आतून ऐकत होती. तिने तिथूनच कपाळावर हात मारला.

लग्न ठरलं. कान तपासायला दोघे व्याही पेणला एकत्रच गेले. मी सोबत होते. कानाच्या दवाखान्यात बाकावर बसायला जागा नव्हती. मिठागरातला एक म्हातारा, जिते गावची एक बाई, आमच्या मुलीला शिकवलेले मास्तर. इतकी माणसं आपल्याच आसपास, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच. चष्मा लागला तर माणूस चारचौघांत सांगतो. कानाचं तेवढं झाकून ठेवतो, कारण बहिऱ्याच्या गोष्टी सांगून हसायची आपल्याला सवय.

यांना यंत्र मिळालं. पहिल्या दिवशी भांड्यांच्या आवाजाने वैतागून त्यांनी ते दोनदा काढलं. पुढे सवय झाली. गिरणीत ते कानात कापूस घालायचे, आणि घरी आल्यावर यंत्र. महिन्याभराने गावाची बैठक होती. न सांगता टोपी घालून निघाले. परत आल्यावर जेवता जेवता कोण काय बोललं ते सगळं मला सांगत बसले. भात गार झाला, पण मी मध्ये बोलले नाही.